चार नमुने आणि एक आजी

“डेमो म्हणजे काय रे?” आजीने विचारलं.

मे २०१५. पंचवटीतल्या आमच्या वाड्याची माडी, पत्र्याखालचा उकाडा, चार लॅपटॉप, धड चालणारा एकच प्लग आणि इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची आम्ही चार पोरं.

“नमुना गं आजी. वर्षभर काय केलं त्याचा नमुना दाखवायचा असतो सरांना.”

आजीने चष्मा सावरून आम्हा चौघांवरून एकदा नजर फिरवली. “मग चार आहेत की,” म्हणाली आणि पन्ह्याचे रिकामे पेले उचलून जिना उतरली.

त्या वर्षी नाशिकला सिंहस्थ होता. गुरू सिंह राशीत जाणार म्हणजे जाणार, त्याला सबमिशनची तारीख वाढवून मिळत नाही. १४ जुलैला ध्वजारोहण आणि २९ ऑगस्टला पहिलं शाही स्नान ठरलेलं. त्यामुळे शहरातले रस्ते खणलेले, घाटांची कामं निघालेली आणि आमच्या वर्गातल्या वीस ग्रुपांपैकी अकरांचा विषय सिंहस्थ. कुणी पार्किंग शोधून देणार होतं, कुणी शौचालय, कुणी साधूंचे आखाडे नकाशावर मांडणार होतं. आम्ही हरवलेली माणसं शोधणार होतो. हिंदी सिनेमात कुंभमेळ्यात ताटातूट झालेले भाऊ भेटायला तीन तास आणि एक गाणं लागतं. आमच्या ॲपला, रिपोर्टच्या पान ४२ प्रमाणे, आठ सेकंद लागत होते.

तत्त्व सोपं. यात्रेकरूच्या फोनमधला जीपीएस दर तीस सेकंदांनी अक्षांश-रेखांश सर्व्हरला कळवणार. घरच्यांनी आपल्या फोनवर नकाशा उघडला की लाल टाचणी दिसणार, ही बघा तुमची आजी. ‘आजी’ हा शब्द अर्थातच रिपोर्टमध्ये नव्हता. तिथे ‘युजर-२’ होतं. पण चाचणीला पहिल्या दिवसापासून आमचीच आजी होती. कोडवाल्याचा फोन रुमालात गुंडाळून आम्ही तिच्या पिशवीत टाकायचो, ती भाजी आणायला जायची आणि आम्ही माडीवर बसून टाचणी सरकताना पाहायचो. एकदा टाचणी रविवार कारंज्यावर पाऊण तास हललीच नाही. कोडवाला घामाघूम झाला, त्याने सगळा कोड उसवून पुन्हा शिवला. आजी परतल्यावर उलगडा झाला: कुणाची तरी विहीण भेटली होती.

चौघांच्या ग्रुपमध्ये चार जातीची माणसं असतात. विद्यापीठाने हा नियम कुठे छापलेला नाही, पण छापलेल्या नियमांपेक्षा तो जास्त काटेकोर पाळला जातो. आमचा कोडवाला सिन्नरहून एसटीने यायचा आणि दिवसाला साधारण सहा वाक्यं बोलायचा. “झालं का?” विचारलं की “होतंय” म्हणायचा. ‘होतंय’ आणि ‘झालं’ यांच्यामधल्या अंतरात त्याने आठ महिने काढले. पीपीटीवालीला सगळ्यांच्या चुका दिसायच्या आणि त्या ती सांगायची, म्हणून ती आमची नेता होती. रात्री नऊला तिचे बाबा वाड्याच्या दाराशी येऊन स्कूटरचा हॉर्न वाजवायचे, की आमची त्या दिवसाची शिस्त संपायची.

बाइंडिंगवाल्याबद्दल मात्र जरा सविस्तर सांगायला हवं, कारण अशा माणसांवर कुणी लिहीत नाही. त्याला प्रोग्रॅमिंगची एक ओळ येत नव्हती. पण कुठला झेरॉक्सवाला रात्री अकरानंतर अर्धं शटर उघडतो, सोनेरी अक्षरांचा ठसा कोण मारतो, ऑफिसातल्या कुठल्या टेबलावर नो ड्यूजची सही अडते आणि ती कशाने सुटते, हे सगळं त्याला पाठ. गाइड सर सुट्टीवर होते तेव्हा सर्टिफिकेटवरची सही त्याने त्यांच्या मेहुणीच्या लग्नात गाठली. अक्षता पडल्यानंतर आणि पंगत बसायच्या आत. वर जेवूनही आला. आजही माझ्या कंपनीत एखादं काम अडलं की मला कोडवाला नाही, तो आठवतो.

चौथा मी. माझं काम बोलणं.

गाइड सर भले गृहस्थ. वर्षभरात त्यांनी प्रोजेक्टमध्ये एकच सूचना केली, तीही डेमोच्या दहा दिवस आधी. “सगळं छान आहे,” ते म्हणाले, “फक्त थोडा क्लाउड टाका.” आमटीत हिंग टाका म्हणावं तसं. कोडवाल्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला. पण पीपीटीवालीने त्याच रात्री आठव्या स्लाइडवर एक निळसर ढग काढला, त्याला येणारा एक बाण आणि जाणारा एक बाण. सर प्रसन्न झाले. खरा सर्व्हर कोडवाल्याच्या लॅपटॉपमध्येच होता आणि त्या लॅपटॉपची बॅटरी अकरा मिनिटं टिकायची.

डेमोला आठ मिनिटं मिळणार होती. आठ मिनिटांची तालीम घड्याळ लावून करायची, तर सगळ्यांचे फोन चाचणीत अडकलेले. शेवटी आजीचा कुकर उपयोगी पडला. पहिल्या शिट्टीला प्रस्तावना संपली पाहिजे, दुसरीला लॉगिन, तिसरीला टाचणी, आणि चौथीला “थँक यू सर, एनी क्वेश्चन्स?” डाळ असेल तर जमायचं. राजमा असला की आम्ही फार वेळ घ्यायचो.

खरी अडचण वेळेची नव्हती. मी बोलणार आणि कोडवाला क्लिक करणार, यात ताळमेळ बसेना. गणपतीत हलते देखावे असतात, त्यात कधी कधी ध्वनिफीत पुढे पळते आणि पुतळे मागे राहतात; अफझलखान कोसळल्याची आरोळी होऊन जाते आणि महाराजांचा वाघनखांचा हात मग सावकाश वर येतो. आमचं तसंच. मी म्हणायचो, “आणि ही पाहा युजर-२ सापडली!” पडद्यावर पासवर्ड विचारणारी चौकट. मग मी थांबायला शिकलो, तर त्याने त्याच वेळी वेग वाढवला. टाचणी आधी यायची आणि माझी प्रस्तावना नंतर. पीपीटीवाली हातात पट्टी घेऊन उभी राहायची. शेवटी असं ठरलं की मी ‘सुरक्षितता’ हा शब्द उच्चारल्यावरच त्याने बटन दाबायचं. त्यानंतर दोन महिने घरात कुणीही ‘सुरक्षितता’ म्हटलं की त्याचं बोट हलायचं.

अशा वेळी ॲपच्या हजार वाटा असतात आणि त्यातली एकच चालते. बाकीच्या वाटांवर खड्डे आहेत हे चौघांनाही माहीत असतं. डेमोची तयारी म्हणजे ते खड्डे बुजवणं नव्हे. त्याला वेळ कुठे असतो? पाहुण्याचा हात धरून त्याला त्या एका वाटेवरून, गप्पा मारत, पलीकडे नेणं ही तयारी. आडनाव टाकलं तर ॲप बंद पडतं? मग आडनाव टाकायचं नाही. ‘मागे’चं बटन दाबायचं नाही. फोन आडवा धरायचा नाही. ही पथ्यं लिहिलेला कागद आम्ही लॅपटॉपच्या कडेला चिकटवला. आजीने तो वाचून विचारलं, “कुणाला रे, डायबेटिस आहे का?”

पीपीटीवालीचं म्हणणं होतं, एवढी कटकट कशाला? चालतंय त्या दिवशी व्हिडिओ करून ठेवू आणि तोच दाखवू. कोडवाल्याला हा अपमान वाटला. दोन दिवस त्याने रोजची सहा वाक्यंही बोलायचं बंद केलं. डेमो लाइव्हच हवा, असं त्याचं मत. नाही तर वर्षभर जागलो कशाला?

या वादाचा निकाल खरं तर आमच्याच जिल्ह्यातल्या माणसाने शंभर वर्षांपूर्वी लावून ठेवला होता. त्र्यंबकेश्वरचे धुंडिराज गोविंद फाळके १९१२ साली लंडनमध्ये विल्यमसन कॅमेरा विकत घेऊन परतले, तेव्हा त्यांना सिनेमासाठी भांडवल हवं होतं आणि भांडवलवाल्यांना सिनेमा म्हणजे काय हे पटत नव्हतं. फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा रोवला आणि महिनाभर एकेक चित्र घेत राहिले. पडद्यावर तो वाटाणा जेमतेम मिनिटाभरात फुटला, वाढला, वेल झाला. ‘अंकुराची वाढ’. भांडवल उभं राहिलं आणि ३ मे १९१३ ला मुंबईत ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. आता फाळक्यांनी आमच्या कोडवाल्यासारखा हट्ट धरला असता तर? “छे, लाइव्हच दाखवणार.” सावकार कुंडीसमोर बसलेत, तिसरा आठवडा चालू आहे, पत्नी सरस्वतीबाई चहा करून करून थकल्या आहेत. भारतीय सिनेमा वाटाण्यासकट वाळून गेला असता. (पुढे फाळक्यांनी आपली कंपनी नाशिकलाच हलवली. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे. शाळेच्या सहलीत आम्ही तिथे कारंजं बघितलं आणि डबे खाऊन परत आलो.)

कोडवाल्याने यावर इंटरनेटवरून डग्लस एंगलबार्ट शोधून आणला. ९ डिसेंबर १९६८, सॅन फ्रान्सिस्को: या गृहस्थाने भर सभेत नव्वद मिनिटं, सगळं लाइव्ह, माउस हलवून दाखवला, तोवर जगाने माउस पाहिलासुद्धा नव्हता. पीपीटीवालीने लगेच बिल गेट्स काढला. एप्रिल १९९८, भरगच्च सभागृह, विंडोज ९८ची जाहीर झलक. स्कॅनर जोडला आणि मागच्या प्रचंड पडद्यावर निळा शुकशुकाट. सगळं सभागृह हसलं, गेट्सही हसले.

“त्यांचं ठीक आहे,” बाइंडिंगवाला म्हणाला, “त्यांना एक्स्टर्नल नव्हता.”

मग तडजोड झाली. डेमो लाइव्ह, पण व्हिडिओ खिशात. व्हिडिओ माडीवरच केला. त्यात टाचणी अगदी वेळेवर येते आणि मागून आजीचा आवाज येतो, “पोळ्या निवताहेत रे मेल्यांनो.” तो काढायला वेळ नव्हता.

डेमोच्या आदल्या दिवशी रिपोर्टच्या चार प्रती आल्या. काळं रेक्झिन, सोनेरी ठसा, झकास. पीपीटीवालीने हातात घेतल्या आणि तिचा आवाज बसला. मुखपृष्ठावर ‘फाउंड’मधलं इंग्रजी ओ हे अक्षर गळलं होतं. चारही प्रतींवर ठळक सोनेरी अक्षरांत आमच्या वर्षभराच्या कामाचं नाव चमकत होतं: ‘लॉस्ट अँड फंड’. बाइंडिंगवाल्याने शांतपणे खिशातून सोनेरी स्केचपेन काढलं. मी म्हटलं ना, अशा माणसांवर कुणी लिहीत नाही. पण त्याच फेरीत झेरॉक्सच्या दुकानातून आमचा पेनड्राइव्ह एक व्हायरस घेऊन आला होता. सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झालेले, दाबलं की काहीच उघडत नाही. व्हिडिओ त्या पेनड्राइव्हवर होता. हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं.

आमचा नंबर सतरावा. सकाळी नऊपासून इस्त्रीच्या शर्टात, उसन्या बुटांत पॅसेजमध्ये उभे. एक्स्टर्नल सर, म्हणजे बाहेरून आलेले परीक्षक, आत होते. बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला घेरून एकच प्रश्न विचारला जात होता, “मूड कसा आहे?” अकराला चांगला होता. दीडला जेवायला गेले. जेवणात श्रीखंड असल्याची बातमी आली तेव्हा आम्ही सुटकेचा श्वास टाकला. श्रीखंडानंतर माणूस प्रश्न कमी विचारतो.

तीन वाजून चाळीस मिनिटांनी आम्ही आत गेलो. योजना अशी होती: बाइंडिंगवाला गेटबाहेर फोन घेऊन उभा, तो युजर-२. मी ‘सुरक्षितता’ म्हणणार, कोडवाला बटन दाबणार, नकाशावर बाइंडिंगवाला उगवणार. मी म्हणालो. त्याने दाबलं. बाइंडिंगवाला उगवला नाही. त्याचं नेटपॅक त्याच क्षणी संपलं होतं आणि तो पत्र्याच्या शेडखाली उसाचा रस पीत आमच्या विजयाची वाट बघत होता.

“व्हिडिओ,” पीपीटीवाली दात आवळून म्हणाली. पेनड्राइव्ह लावला. शॉर्टकट. शॉर्टकट. शॉर्टकट.

कोडवाल्याने घाईघाईने लॅपटॉपमधला नकली फोन, म्हणजे एम्युलेटर, सुरू केला. तो सुरू होईपर्यंत मी, समजा आमची आजीच हरवली, असं म्हणून सिंहस्थाचं माहात्म्य सांगितलं. समुद्रमंथन संपवून गौतम ऋषींपर्यंत आलो तेव्हा कुठे पडदा उजळला. आता या नकली फोनला आपण कुठे आहोत हे हाताने सांगावं लागतं. त्यासाठी एक चौकट असते आणि तिच्यात आधीपासून एक आकडा भरलेला असतो. तो पुसून रामकुंडाचा आकडा टाकायचा. गडबडीत कोडवाल्याने तसंच ‘पाठवा’ दाबलं. लॅबच्या इंटरनेटवर नकाशा चौकोन-चौकोन करत उतरायला लागला. आधी निळं. मग हिरवं. मग रस्ते. मग लाल टाचणी, आणि तिच्याखाली: माउंटन व्ह्यू, कॅलिफोर्निया. गूगलच्या मुख्यालयाचं आवार.

लॅबमध्ये पंखा फिरण्याचा आवाज तेवढा येत होता.

“आजींचा व्हिसा होता का?” एक्स्टर्नल सरांनी विचारलं.

मी बोलणारा होतो. मी म्हणालो, “सर, यावरून दिसतं की आमची सिस्टीम स्केलेबल आहे. जगात कुठेही चालते.”

तोवर कोडवाल्याने रामकुंडाचे आकडे टाकले. २०.०० आणि ७३.७९. पण नकाशाला अक्षांश आधी लागतो आणि त्या नकली फोनला रेखांश आधी. हे ज्याने ठरवलं त्याला माझ्या आजीचा शाप आहे. आकडे उलटे पडले. आजी कॅलिफोर्नियातून निघाली आणि नॉर्वेच्याही वर, उत्तर ध्रुवाच्या वाटेवरच्या समुद्रात उतरली. सगळा पडदा निळा. एक्स्टर्नल सर खुर्ची पुढे ओढून बसले. दिवसभरात पहिल्यांदाच त्यांना एखाद्या प्रोजेक्टमध्ये रस आल्यासारखं वाटत होतं.

तिसऱ्या खेपेला टाचणी रामकुंडावर पडली. आम्ही तिघांनी नकळत टाळ्या वाजवल्या. गाइड सरांनीही वाजवल्या.

“छान,” एक्स्टर्नल सर म्हणाले. “मला एकच सांगा. तुमच्या आजींकडे कुठला फोन आहे?”

“बटनांचा,” मी म्हणालो. “साधा.”

“त्यात हे चालतं?”

नव्वद पानांचा रिपोर्ट, अकरा आकृत्या, एक ढग. यातल्या कशातही त्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. मार्क बरे मिळाले. ते कॅलिफोर्नियाचे असावेत, असा आमचा अंदाज आहे.

पहिल्या पगारात मी आजीला टच स्क्रीनचा फोन घेतला आणि त्यात आमचं ॲप टाकलं. कोडवाल्याने सर्व्हर कुठल्याशा फुकटच्या जागेवर चालू ठेवला होता. दुसऱ्या शाही स्नानाच्या दुसऱ्या दिवशी, १४ सप्टेंबरला, आजी भजनी मंडळाच्या बायकांबरोबर पहाटे गोदावरीवर गेली आणि गर्दीत मागे राहिली. नऊ वाजले तरी पत्ता नाही. आईचा फोन आला, मी ऐटीत ॲप उघडलं. टाचणी लगेच आली. आजी घरात होती.

“अगं घरातच आहे, नीट बघ.”

“नाहीये रे!”

“स्वयंपाकघरात आहे.”

फोन तांदळाच्या डब्यात सापडला. ओला होईल म्हणून ती ठेवून गेली होती.

आजी सापडली ती भोंग्यावर. नाव, पंचवटीतला वाडा, हिरवं नऊवारी, कपाळावर गोंदण. दोन वेळा पुकारलं आणि वडील जाऊन घेऊन आले. ती मदत केंद्रात खुर्चीवर बसून इंदूरकडच्या एका बाईला शेवग्याच्या शेंगांची आमटी समजावत होती.

त्याच सिंहस्थात नाशिकच्याच काही पोरांची एक चटई घाटाच्या वाटेवर अंथरलेली होती. मूळच्या नाशिकच्या रमेश रासकरांनी एमआयटी मीडिया लॅबमधून २०१४ साली इथे ‘कुंभथॉन’ सुरू केला, त्यातून निघालेली ही कल्पना. नाव ‘आशिओतो’, जपानीत पावलांचा आवाज. चटईवर पाय पडला की ती मोजते आणि कुठे गर्दी दाटतेय ते कळवते. २००३च्या सिंहस्थात चेंगराचेंगरीत ३९ माणसं गेली होती, तेव्हा हे काम गमतीचं नव्हतं. मला त्या पोरांचा हेवा वाटला, आणि तो त्यांच्या कोडचा नव्हता. फोन तांदळाच्या डब्यात राहतो. पाय कुणी घरी ठेवून येत नाही. आठ महिन्यांत आम्हा चौघांपैकी एकाच्याही डोक्यात हे आलं नाही.

आता २०२७चा सिंहस्थ आहे. परवा एका कॉलेजने मला डेमो बघायला पाहुणा म्हणून बोलावलं. निम्मे ग्रुप हरवलेली माणसं शोधत होते. आता फोनशिवाय, कॅमेऱ्यात चेहरा ओळखून. मी म्हटलं, पोरं सुधारली. पडद्यावर टाचणीच्या जागी चौकट आली, चौकटीत एक साधूबाबा आले आणि खाली अक्षरं उमटली: ‘आजी, ९४ टक्के’. बोलणारा पोरगा क्षणभरही अडखळला नाही. “सर, मॉडेल अजून शिकतंय,” म्हणाला. मी तपासलं, तर शिकवायला त्यांच्याकडे आजीचा एकच फोटो होता. लग्नातला, मुंडावळ्यांसकट. मी त्या पोराला पूर्ण मार्क दिले.

तुम्ही येणार असाल तर या. घरच्या म्हाताऱ्या माणसाच्या पदराच्या गाठीत किंवा बंडीच्या खिशात नाव, गाव आणि तुमचा नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, आणि बॉलपेनने लिहा. शाई पाण्यात जाते.